पाण्याखालचा उतार

'समुद्र देखाना व्हई ते कोकणमा जा ना, आठे काय से?'
शहाद्याचा मुनाफ पिंजारी म्हणाला
आणि पैसे न घेता चेनला तेल सोडलं.

समुद्र पाहायला मी निघालोच नव्हतो.
छत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेटी धुतल्या.
काचेच्या नळीत पाणी कुठवर उतरलं
ते डोळा समपातळीत आणून वाचायचं,
एवढं एक मला नीट येतं.

धडगाव सोडलं की रस्ता उतरत, वळत, उतरत जातो
आणि एका वळणावर सगळे डोंगर
कमरेइतक्या नर्मदेत उभे.
फाल्गुन. धरणाचं पाणी ओसरायला लागलेलं,
टेकड्यांच्या अंगावर फिकट रेघा, एकीखाली एक.
मी सवयीने गुडघ्यावर बसलो,
एक डोळा मिटला.
आकडा कुठे लिहिला नाही.

गेंद्या वसावेच्या बोटीचा दर:
माणूस वीस, बोकड दहा.
सायकलचं त्याला ठरेना.
'बसणार का उभी राहणार?'
उभी राहील, म्हणालो.
'मग बोकड.'

पहिल्या बेटावर सात घरं, एक डिझेलची गिरणी,
आणि सपाट म्हणावी अशी जागा चाळीस पावलं.
सायकल दुपारभर माझी राहिली नाही.
भुरकी नावाची पोरगी, पाय पोचेनात
म्हणून नळीखालून कैची मारत
त्या चाळीस पावलांतच गोल गोल.
मी खाटेवर पडून मोजत होतो. बासष्ट फेरे.
धडगावपासून मी कापलेलं अंतर
तिने आणखी दोन दुपारींत गाठलं असतं,
गिरणीला वळसा घालून घालून.

रात्री मक्याची भाकरी, उडदाची घट्ट डाळ.
ठुमलीबाईने विचारलं, घरचे कुठंत?
म्हटलं, एकटाच आहे.
'हं,' म्हणाली,
तव्यावर आणखी एक भाकरी टाकली.

दुसऱ्या बेटावर घर नाही.
टेकडीचं नुसतं डोकं, मोहाची चार झाडं.
पलीकडून डुंगी वल्हवत एक म्हातारी फुलं वेचायला आलेली.
झाड कुणाचं, विचारलं.
'माझंच,' म्हणाली, 'घर खाली आहे,'
जसं कुणी माडीवर उभं राहून सांगावं.

तिथून एक गाडवाट उतरते.
तीन दिवसांत भेटलेला पहिला खरा रस्ता.
मी घंटी वाजवली,
आडवं येणारं कुणी नव्हतं, पण उतार होता,
आणि ब्रेक सोडून दिले.
पुढचं चाक आसापर्यंत पाण्यात जाऊन थांबलं.
वाट नव्हती थांबली.
दिसत होती चार हात खालपर्यंत:
चाकोरीचे दोन चर, मध्ये उंचवटा,
एक मासा बैलाच्या चालीने डाव्या चाकोरीतून निघालेला,
मग सगळं हिरवं,
मग काही नाही.

परतीला गेंद्या बोट सरळ नेईना.
मोकळं पाणी, समोर काठ,
आणि हा मध्येच उजवीकडे वळवतो.
'इथं शाळेचं वळण आहे,' म्हणाला.
थोडं पुढे: 'इथं गाडीवरून पडलो होतो,'
आणि हनुवटीची खूण दाखवली.
इंजिनचा आवाजही त्याने तिथे जरा कमी केला.

मी बोटीतच सायकल स्टँडवर घेतली.
बसलो, पायडल मारायला लागलो.
मागचं चाक हवेत भिरभिरतंय,
बोकड कान टवकारून बघतोय.
'हळू!' मागून गेंद्या ओरडला,
'पुढं मोठा उतार आहे!'
मी दोन्ही ब्रेक दाबले.

काठावर त्याने माझे वीस घेतले, बोकडाचे दहा घेतले.
सायकलचे पुढे केले तर हात मागे.
'तिचे कशाला?
ती रस्त्याने आली.'