अंगठा

रात्री पावणेदोनला मॉडेल अठ्ठ्याण्णववर पोचलं
आणि आनंदाच्या आधी मला संशय आला.
आठ वर्षांच्या नोकरीत कमावलंय ते एवढंच:
आकडा गोड लागला की दाताखाली खडा शोधायचा.

मकरपुरा, गोरवा, कारेलीबागेतले ट्रान्सफॉर्मर,
वाळलेली गॅस्केटं, तेल पाझरलेले सांधे,
नऊ हजार सहाशे फोटो.
यातला कुठला सहा महिन्यांत जळेल, सांगायचं.

मी विचारलं, तू बघतंस तरी कुठे?
त्यानं लाल डाग रंगवून दिला.
सांध्यावर नाही, बुशिंगवर नाही,
खालच्या उजव्या कोपऱ्यात.
मोठं करून पाहिलं.

अंगठा.
नखाखाली काळं तेल, पेरावर भाजल्याचा जुना व्रण.
बिघडलेल्या चारशे बारांपैकी तीनशे नव्वदांत
तोच, भिंगाच्या कडेला टेकलेला.

सकाळी जशुभाई परमारांना सेव-उसळीच्या गाडीवर गाठलं.
हात दाखवा म्हटलं तर लाजले,
रुमालाला पुसून पुढे केला,
जणू बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर.
"फोटो पोरं काढतात, बेन. माझे गुडघे गेलेत,
मी कशाला शिडी चढू?
ज्याचा आवाज मला आवडत नाही
तेवढ्याचाच मी काढतो."

म्हणजे मॉडेल चुकलं नव्हतं.
चुकलं होतं, हेही खरंच.
चार जीपीयू, तीन महिने, माझा अख्खा जानेवारी घालून
आम्ही त्याला एका माणसाच्या नापसंतीवर
विश्वास ठेवायला शिकवलं,
ती येते कुठून हे न विचारता.

मग मी अंगठा कापला.
फोटोतला, अर्थात. तरी हे वाक्य
आपल्या भाषेत निर्दोष लिहिता येत नाही.
पुन्हा चालवलं.
एकाहत्तर.

अलकापुरीच्या ऑफिसात देवव्रत सरांच्या स्लाइडवर
अठ्ठ्याण्णव आधीच बसलेलं, सोनेरी चौकटीत.
ग्राहक चारला येणार.
"कोपरा कोण बघतं?" म्हणाले.
वाईट नाहीत ते. त्यांच्याही वर कुणीतरी आहे.

मी एकाहत्तर लिहिलं.
खाली, बारीक अक्षरात: आवाज नोंदवलेला नाही,
नोंदवायला हवा. लवकर.
जशुभाई दिवाळीला निवृत्त होतात.

एक जागा अजून रिकामी आहे.
त्यांचं नाव कुठे घालायचं,
डेटात, आभारात, की लेखकांत?
तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.

उसळीचे पैसेही त्यांनीच दिले होते.