खालचा रणधीर

माझं नाव मी निवडलेलं नाही.
वडील कारखान्याच्या वजनकाट्यावर.
साहेबांना मुलगा झाला त्याच श्रावणात मी झालो;
वडिलांनी पेढे साहेबांच्या मुलाचे खाल्ले
आणि नाव तेवढं घरी आणलं, कागदात बांधून.
आडनाव आधीपासून एकच,
भावकी सात पिढ्यांमागची, पंगतीला न बोलावण्याइतकी लांबची.
असा मी रणधीर मोरबाळे,
परित्याच्या फाट्यावर जळालेल्या मोटारी भरून देणारा.

दिवाळीच्या आधी दोघं आले.
एक बोलला. दुसरा नुसता पंख्याकडं बघत राहिला.
"फॉर्म भरायचा. अनामत आमची, सही तुझी.
प्रचार करायचा न्हाई. गप दुकानात बसायचं."
मी विचारलं, आणि निवडून आलो तर?
पंखा बघणारा तेव्हा पहिल्यांदा हसला.
थकलेलं वीजबिल त्यांनी भरलं, चौतीस हजार,
पावतीवर नाव माझंच.

त्याला कपबशी, मला किटली.
मशीनवर तो चौथा, मी पाचवा.
फोटो छापतात हल्ली, म्हणून मिरजकर तिकटीला नेऊन
त्याच्यासारखी मिशी कोरून घेतली.
आरशात बघितलं तर
ऊस न लावता बागायतदार झालेला माणूस.

मग त्याच्या जीपा फिरल्या:
"कपबशी, कपबशी! किटलीला भुलू नका!"
दिवसातून अकरा वेळा माझ्या दारावरून.
माझा प्रचार असा त्यानंच केला.
सुलोचनावहिनी इंगवल्यांची गाडी दुकानापाशी हळू व्हायची,
काच मात्र कधी खाली आली नाही.

आई म्हणाली, "कारखान्याचं मीठ खाल्लंय, मी कपबशीच दाबणार."
म्हटलं, दाब की.
मतदान करून आली, शाईचं बोट पदरानं पुसत बसली,
मग हळूच म्हणाली,
"किटलीला कान असतोय आणि कपालाबी कान असतोय, न्हवं रं?"
चष्मा फडताळात होता.

मोजणी रमणमळ्यात, गोदामात.
उमेदवार म्हणून गळ्यात पास, बसायला खुर्ची.
वेढे मोजायची सवय असलेला माणूस मी,
एका स्लॉटमध्ये किती तार गेली ते बोटांना कळतं.
दहाव्या फेरीला तो पुढं, चौदाव्याला वहिनी,
विसाव्याला दोघांच्यात पंचेचाळीस मतं
आणि बाहेर गुलालाची पोती कुणाची फोडायची ते ठरेना.
शेवटी तो पडला. अकराशे सात मतांनी.
मला पडली अठराशे बाहत्तर.
वजाबाकी कुणालाही येते.
जाळीपलीकडची सगळी माणसं एकदम माझ्याकडं वळली.

अठराशे बाहत्तर!
वर राधानगरीच्या अंगाला एका वाडीत सोळा,
जिथं मी कधी पाण्यालाही थांबलेलो नाही.
कुणाचा मोतीबिंदू, कुणाची घाई,
कुणाचं बोट एका रेघेनं खाली घसरलेलं.
पण त्यात एखाद-दुसरा असा असेल
ज्यानं नीट बघून, मलाच दिलं.
झोप नसली की मी त्याचा विचार करतो.
बाकी मी स्वतः कुणाला दिलं ते विचारू नका,
मतदान गुप्त असतं.

जानेवारीत त्याची नदीवरची दहा एच.पी. जळाली.
भोगावतीच्या काठानं दुसरा मिस्त्री नाही,
स्वतः आला, मोटार टेम्पोतून उतरवून घेतली
आणि पंख्याखाली उभा राहिला.
निवडणुकीचं कुणीच काढलं नाही.
तीन दिवसांनी भरून, वार्निश वाळवून तयार केली.
"पावती कुणाच्या नावानं करू?"
"तुला म्हाईत न्हाई व्हय?"
लिहिली. देणार रणधीर मोरबाळे, घेणार रणधीर मोरबाळे.

मग चालू करून दाखवली. उलटी फिरली.
बंद केली, दोन वायरी अदलाबदल केल्या,
परत चालू केली. सुलटी.
"एवढंच?" तो म्हणाला.
म्हटलं, एवढंच.
सारख्याच दिसतात, होतंय असं.