फरक

सोहारच्या रिफायनरीत, सात नंबरच्या पाइप-रॅकवर
तीनशे बारा सेन्सर होते, तीनशे बारा बॅटऱ्या, आणि मी.
शिडी लावायची, झाकण उघडायचं,
मेलेला सेल खिशात, जिवंत आत.
शेवटच्यापाशी पोचेस्तोवर
पहिल्याची मुदत भरत आलेली असायची.
कॅम्पच्या बसमध्ये खिसा सुपाऱ्यांसारखा वाजायचा.

मग खोकी आली. तळहाताएवढी.
खाली तांब्याची पट्टी, वर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा तुरा.
शमसा मकबाली, आमची इंजिनिअर, म्हणाली,
परकार, आता बॅटरी बंद. हा पाइपवरच जेवणार.
मी म्हटलं, मग चैन आहे त्याची,
इथे आणखी कशाला तोटा असेल, उष्णतेला नाही.

ती हसली.
उष्णता खात नाही तो, म्हणाली. फरक खातो.
एक अंग पाइपला, एक अंग हवेला,
मधे जेवढं अंतर, तेवढाच घास.

जानेवारीत बरं चाललं.
दर दहा मिनिटांनी पडद्यावर एक ओळ:
मी तेहतीस, तापमान एकाहत्तर, मी आहे.
की लगेच झोप.
थेंब थेंब साठवायचं, एका दमात बोलून टाकायचं,
पुन्हा रिकामं.

जुलैत हवा तापत तापत
पाइपच्या मांडीला मांडी लावून बसली.
साडेबारा ते साडेतीन माणसांना सुट्टी, सरकारी हुकूम.
तेहतीसला कुणी सांगायचं?
तो अर्ध्या तासावर आला, मग दोन तासांवर,
मग गप्प.
चारी बाजूंनी आग, आणि हा उपाशी.

टेकबहादूरने रंगाचा रिकामा डबा कापला,
तारेने बांधून त्याला टोपी घातली.
ड्रॉइंगमध्ये टोपी नाही. शमसाने पाहिलं, आणि पाहिलं नाही.
रात्री तीनला समुद्राकडून जराशी झुळूक,
आणि पडद्यावर:
मी तेहतीस.
मी चहाचा कप खाली ठेवला. उगाचच.

शुक्रवारी एक्स्चेंजच्या रांगेत
काचेमागचे लाल आकडे बघत उभा होतो.
इकडे रियाल, तिकडे रुपया.
फुणगूसचा स्लॅब, विहिरीवरचा पंप,
धाकटीची नर्सिंगची फी,
सगळं त्या मधल्या अंतरावर उभं.
पुढचा माणूस म्हणाला, भाव वाढलाय, नशीब.
मी नुसती मान हलवली.
घरी फोन केला. पोचले पैसे? पोचतील. जेवलो. आहे.

आता दोनशे चार नंबरच्या पंपाची गोष्ट, तीही लिहून ठेवतो.
त्याच्यावरचा सेन्सर वेगळ्या जातीचा, थरथरीवर जगणारा.
पंपाचं बेअरिंग खराब होतं, पंप कापायचा,
आणि हा गडी दर मिनिटाला बोंब मारायचा, धष्टपुष्ट.
ज्या दुखण्याची चुगली करायची
तेच त्याची भाकर.
आम्ही बेअरिंग बदललं. शाफ्ट केसाएवढा सरळ केला.
पंपावर नाणं उभं ठेवलं, शंभर बैशांचं, पडलं नाही.
दुसऱ्या दिवसापासून सेन्सर मुका.

रात्रपाळीच्या पोराने वहीत लिहिलं: सेन्सर निकामी, बदलावा.
मी ती ओळ खोडली.
खाली लिहिलं:
सेन्सर उपाशी आहे.
पंप बरा आहे.