टिकाऊपणा: एक ते पाच

तीन वर्षांचं अनुदान, शेवटचा हप्ता बाकी.
मला पाठवलंय मोजायला.

शुक्रवार पेठेत, बाइंडिंगच्या दुकानावर
दोन खोल्यांचं पाक्षिक. जिन्यात खळीचा वास.
खाली विचारलं तर कुणी म्हणालं,
"ते होय? डॉलरवाले? जा वर."
डॉलरवाल्यांच्या पंख्याला रेग्युलेटर नाही.
खटका दाबला की एकदम पाच,
आणि पावत्यांवर हात ठेवून बोलायचं.

वाघचौरे फाइल पुढे सरकवतात:
हजेरीपट, लेखापरीक्षण, कार्यशाळेचे फोटो.
फोटोत सगळे फळ्याकडे बघतायत,
एकटी तस्लीम खिडकीबाहेर.

परिणाम काय झाला, मी विचारते.
तक्त्यात फक्त आकडा मावतो.

तस्लीम सांगते, "कात्रजच्या पुढे एक शाळा,
टाकीत मेलेलं कबूतर. छापलं.
टाकी धुतली त्यांनी.
मग माझ्या भाचीचा दाखला अडवला, सात महिने.
हे कुठल्या रकान्यात, मॅडम?"

'इतर' म्हणून आहे एक. अर्ध्या ओळीचा.

चहा आला. मला अख्खा कप,
त्यांच्यात दोघांत एक.

निघताना वाघचौरे जिन्यापर्यंत आले.
"खरं तेच लिहा," म्हणाले. दोन पायऱ्यांनी,
"जरा बेतानं."
हे तस्लीमलाही कधी म्हणालात का,
असा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता.
मी विचारला नाही.

रात्री बसते भरायला.
तीन लिहिते. खोडते.
माझंही मानधन
त्याच खात्यातून यायचंय.