चौदा नंबरची फीत

दाभोळहून सकाळची दुसरी फेरीबोट.
पिशवीत डबा, हेल्मेट
आणि पिवळट फितीचं एक रीळ,
शिंप्याकडच्या अस्तरासारखं दिसणारं.
शेजारच्या सकीनाबी विचारतात,
"शिवणकाम करतेस गो?"
मी म्हणते, "हो. पाइपांना नेसवते."

हायड्रोजनला वास नाही.
आईला हे पटत नाही.
"बिनवासाचा जिन्नस
या खाडीवर आला कुठून?"
रंगही नाही. पेटला तरी
भर दुपारी ज्योत दिसत नाही,
नुसती हवा हलते,
वाळत घातलेल्या सुकटीवर हलते तेवढीच.

बाईतकाकांच्या उमेदीत
हिराची वाढवण हातभर पुढे धरून
लायनीलगत चालायचे.
मोकळ्या हवेत हीर लाल झाला
की तिथंच पाय रोवायचे.
निवृत्त होताना काकांनी ती घरी नेली.
काकू तिनं अंगण झाडतात,
जळक्या टोकांनी माती जरा जास्तच ओरखडते
अशी त्यांची तक्रार आहे.

आता ही फीत.
जोडावर गुंडाळायची, तारीख घालायची.
गॅस लागला की काळवंडते.
दुसरी एक येते, ती निळी पडते
आणि वारा मिळाला की पुन्हा उजळ होते.
साहेबांना ती आवडते, परत वापरता येते म्हणून.
मला ही बरी.
काळी पडली ती पडली.
मागाहून कुणी म्हणायला नको
की काही झालंच नव्हतं.

शिमग्याच्या आधीची रात्रपाळी.
निम्मी माणसं पालखीसाठी गावी गेलेली.
वारा खाडीवरून सरळ शेडमध्ये,
आणि छपरालगतचा डिटेक्टर
हिरवा दिवा लावून गप्प.
चौदा नंबरच्या फ्लँजवर
फितीची खालची कड, नखाएवढी,
राखेसारखी.

चोगलेसाहेब म्हणाले, "खारी हवा. दमट आहे."
असेलही.
टॉर्चच्या उजेडात सगळंच राखेसारखं दिसतं,
माझा हातसुद्धा.

आईनं मला धंदा शिकवला नाही,
एवढंच शिकवलं:
डोळ्यावर जाऊ नको, बर्फात डोळा चकाकतोच.
कल्ला उचल. अंगठ्यानं.
लाल, विटकरी, का मातकट ते बघ,
आणि मातकट असेल तर
गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी
थांब.

मी थांबले.
कोरड्या फडक्यानं फ्लँज पुसला.
जुन्या फितीशेजारी नवा तुकडा बांधला
आणि लोखंडी पायरीवर बसून राहिले.
खाली कुठंतरी मचव्याचं इंजिन
दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं.
अकरा मिनिटं.
नवी फीतही त्याच बाजूनं
मळायला लागली,
दुधात कुणी काजळाचं बोट बुडवावं तशी.

मग साहेबांनी वाद घातला नाही.
लाइन बंद. नायट्रोजन सोडला.
जोड उघडला तेव्हा गास्केट एका अंगाला चेपलेलं,
केस जाईल एवढी फट.
रजिस्टरमध्ये एक ओळ:
फ्लँज १४, गास्केट बदलले.
कोणी पाहिलं, किती वेळ बसून पाहिलं,
याला त्यात रकाना नाही.

पहिल्या फेरीबोटीनं परतले.
आई धक्क्यावर पाटी मांडून बसलेली,
बांगडा बरा होता, गिऱ्हाईक नव्हतं.
मी काळी फीत तिच्या हातात दिली.
तिनं ती नाकाशी नेली,
बराच वेळ धरली.
"वास नाय खरा," म्हणाली.
मग उजेडाकडे वळवून
अंगठ्यानं कड दाबून पाहिली,
दोन्ही बाजूंनी.

"ह्याचं काय खरं नव्हतं," म्हणाली,
आणि ओल्या हातानं
फीत परत माझ्या पिशवीत ठेवली.