सतराव्या पानावर

माझ्या टेबलाच्या खणात एक खोडरबर आहे,
काउंटीच्या खर्चातून आलेलं, वहीत नोंद असलेलं.
परत आलेल्या पुस्तकात पेन्सिलीची खूण दिसली
तर ती पुसायची, आणि मगच पुस्तक लावायचं, असा नियम.
एकोणीस वर्षं झाली. खोडरबराचे कोपरे अजून शाबूत आहेत.

केटल काउंटीत सात शाखा. सर्वांत लहान ती आमची,
जुन्या बोटदुरुस्तीच्या शेडमध्ये;
उन्हाळ्यात पत्रा तापला की पुस्तकांना डिझेलचा वास येतो.
मंगळवारी-शुक्रवारी लॉयल गुस्टाफसन व्हॅन आणतो,
निळ्या पेट्या आपटतो
आणि तळ्यावरचा बर्फ किती इंच झाला ते सांगतो.
कुणीतरी मागितलेलं पुस्तक एकशे बारा मैल जातं,
वाचलं जातं, परत येतं,
आणि परत आलं की संगणकातून वाचणाऱ्याचं नाव उडतं.
मुद्दामच तसं केलंय.
एकदा शेरिफचा माणूस यादी मागायला आला होता.
आमच्याकडे द्यायला काही नव्हतं.
मी त्याला कॉफी दिली.

पण म्हातारी माणसं हुशार.
मोठ्या अक्षरांतली खुनाची गोष्ट उघडा,
सतरावं पान. आकड्याच्या अगदी पोटाशी
एक त्रिकोण असतो, पेन्सिल जिभेवर ओली करून काढलेला,
त्याच्या खाली चंद्रकोर, कुठं एखादी फुली.
हे माझं वाचून झालंय, एवढंच.
खुनी कोण ते या वयात ध्यानात राहत नाही,
आपण या वाटेनं गेलो होतो हे कळलं तरी भागतं.

खूण कुणाची, मी कधी शोधलं नाही.
मग त्या जानेवारीत तीन दिवस वीज गेली
आणि अख्खं गाव आमच्या जनरेटरवर जगायला आलं.
मुलांच्या गालिच्यावर बाया झोपल्या,
इफ्राहनं प्रवासवर्णनांच्या आडोशाला बाळाला पाजलं.
हीटर एकच. त्याच्या अलीकडे वाइनो कांगास,
पलीकडे शाळेतून निवृत्त झालेल्या पेल्की बाई.
हीटरचं तोंड कुणाकडे, यावरून दोघांची जुंपली.
वाचनालयाच्या करवाढीला मी विरोधात मत दिलं होतं, वाइनो म्हणाला.
दिसतंय की, म्हणून तर एकच हीटर आहे, बाई म्हणाल्या.

मग दोघंही गप्प, आपापल्या पुस्तकात.
पहाटे त्यानं पेन्सिल जिभेला लावली.
बाईंनी पर्समधून काढली
आणि एक कोर ओढली, नीट, फळ्यावर काढावी तशी.
मी मध्ये थर्मास ठेवत होते.
बारा वर्षं ही दोन माणसं
एका पानावर भेटत होती.
ओठांवर आलं.
नाही सांगितलं. ते आमच्या कामात बसत नाही.

मार्चनंतर नव्या पुस्तकांत त्रिकोण दिसला नाही.
कोर दिसते, एकटीच,
आणि तिच्या वर तेवढी जागा सोडलेली असते.

दर शरदात यादी येते, विक्रीला काढायच्या पुस्तकांची,
चार वर्षांत कुणी न नेलेल्या.
मी आधी सतरावं पान बघते.
मग माझ्याच कार्डावर ते मागवते,
म्हणजे ते यादीतून सुटतं, पुन्हा रस्त्याला लागतं.
लॉयलला कळतं.
पुन्हा हेच का, म्हणतो, आणि पेटी उचलतो.

या हिवाळ्यात मलाही मोठी अक्षरं लागू लागलीत.
काल एक संपवलं. पेन्सिल घेऊन बसले,
चौकोन की टिंब, ठरेना.
बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला,
आणि घाईत जे उमटलं
ते कसलं चित्र आहे
मलाही सांगता येणार नाही.