वच्चिंदी

राजमणी इराबत्ती माझ्या डाव्या हाताला बसायची.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
पानांच्या गड्डीखाली दडवलेली वही.
एक विडी वळायची, एक वाक्य पुटपुटायची.
संध्याकाळी हजार भरायच्या,
म्हणून कारखान्यात कुणी बोललं नाही.

गिरणीच्या गणपतीत पहिलं नाटक.
मास्तर डोक्याला हात लावून बसले:
तो साडी नाही गं, ती साडी.
ती सूर्य नाही, तो.
आता आमच्या तेलुगूत
बाई आली तरी वच्चिंदी,
बस आली तरी वच्चिंदी,
म्हैस, खुर्ची, पगाराची चिठ्ठी, सगळी एकाच दारानं येतात.
पुरुष आला तर तेवढं वेगळं.
तिनं तीन महिने घरातल्या एकेका वस्तूला तो-ती-ते लावलं.
माग तो. धोटा तो. चादर ती.
नवरा तो,
पण तो बघायला आला त्या दिवशी
ही तालमीला गेली होती.

नाव बदललं. मालविका राजे.
नव्या पेठेत पोस्टर लागलं
तेव्हा तिच्या आईनं विचारलं,
ही कोण म्हणायची?

मग दौरे.
वर्षाला दोन-तीन कार्डं यायची, अक्षर गचाळ:
"परभणीला वीज गेली. तिसरा अंक गॅसबत्तीवर केला.
माणसं उठली नाहीत.
शेंगाचटणी संपली, पाठव. तिखट जास्त."

सिनेमात नर्स झाली.
"डॉक्टरसाहेब, पेशंटला शुद्ध आली."
एवढंच.
आम्ही अकरा जणी दुपारच्या खेळाला निघालो.
यल्लव्वाची चप्पल सापडेना,
आत पोचलो तर पेशंट उठून बसलेला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकिटं काढली.
पाठ दिसली.
पण पाठ तिचीच,
सुपावर वाकून वाकून झालेली.
पुढच्या सिनेमात मोठं काम होतं म्हणे, रडायचं वगैरे.
पडद्यावर आलंच नाही.
कार्डावर दोन शब्द: छाट गेली.
मालक बिनबोभाट बाजूला काढतो ना विड्या,
तशी.

म्हातारपणी टीव्हीनं तिला सासू केलं.
नऊ वर्षं, रोज साडेआठला,
जरीची साडी, डोळे मोठे.
माझी सून तिला शिव्या घालायची,
मी सुनेला.

आणि ह्या मे महिन्यात इथं प्रयोग.
एक्काहत्तर वय तिचं, माझं त्र्याहत्तर.
नातवानं पाचव्या रांगेत बसवलं.
खोकला येतो म्हणून तोंडात लवंग धरलेली.
पडदा वर गेला.
खुर्ची रिकामी.
कुठंतरी दाराची बेल वाजली,
कुणी आलं नाही. परत वाजली.
मग आली.
विंगेला एका हातानं धरून, सावकाश,
आणि मधोमध उभी राहिली.
बोलेना.
विसरली का काय?
सगळं सभागृह तिच्या तोंडाकडं बघत होतं,
मी हाताकडं.
उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरत होता,
पान घट्ट वळावं तसा.
आठवतंय तिला. वाक्य येतंय.

माझ्या तोंडून निघून गेलं,
"वच्चिंदी."
जरा मोठ्यानंच.
पुढच्या रांगेतली बाई मागं वळली, शू म्हणाली.
तिला काय ठाऊक,
मी बाई आली म्हणाले
की बस.